थडग्यावरचा पिवळा कागद

आमच्या शेजारच्या फांग काकूंना मूलबाळ नव्हतं. तरी गेली तीन वर्षं, छिंगमिंगला, पितरांची थडगी झाडायच्या सणाला, डोंगरावर गेल्या की नवऱ्याचं थडगं आधीच झाडलेलं असे, वर दगडाखाली नवा पिवळा कागद, घरचं कुणी येऊन गेल्याची खूण.

"त्याची दुसरी बाईच असणार," त्या म्हणत.

यंदा त्या मला घेऊन आदल्या दिवशीच गेल्या. एक म्हातारा त्या थडग्यावरचं गवत काढत होता.

"कोण हो तुम्ही?"

"हा माझा थोरला भाऊ."

"भाऊ? माझा नवरा आहे तो! नाव वाचा."

"वाचता येत नाही, बाई."

शेजारचं थडगं काट्यांत बुडालं होतं. म्हातारा तिकडे धावला. "तीन वर्षं भाऊ उपाशी!"

काकूंनी नैवेद्याला आणलेले हिरवे उकडलेले गोळे त्याला दिले. "त्यालाच वाढा. माझ्याचं पोट भरलंय."

उतरताना मला हळूच म्हणाल्या, "खरंच वाचता येत नसेल ना रे त्याला? की त्या बाईनंच धाडला असेल?"