बरडीवरची तार

पुंडलिकराव खताचं पोतं घेतलं की आधी शिवण तपासत. घरी पाहुणा आला की तोंडाआधी त्याच्या चपला पाहत. माणूस काहीही सांगो, कुठल्या मातीतून आला ते तळव्याला लागलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. बोरी अरबच्या पलीकडच्या त्या गावात लोक यावर हसत. पण बरडीला राखणदार नेमायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडेच बोट दाखवलं.

बरड म्हणजे गावामागची सामायिक खडकाळ जमीन. गावानं तिथे मिळून चर खोदले, चराई बंद केली. दिवाळीनंतर घरटी एकानं विळा घेऊन यायचं, गवत कापायचं, सारखे ढीग करून वाटून घ्यायचे. काही वर्षांत नुसत्या दगडावर कमरेएवढं पवन्या गवत उभं राहिलं. तेव्हापासून पुंडलिकरावांना एकच भीती होती, की एक दिवस ही बरड कुणीतरी गावाच्या हातून काढून घेईल. शेजारच्या गावाची टेकडी तशीच गेली होती. आधी दोन माणसं नुसती पाहायला आली, मग गिट्टीची खदान आली. आता तिथे टेकडी नाही, खड्डा आहे.

म्हणून पुतण्या अमर, जो गवत समितीचा अध्यक्ष होता, टांझानियातून पाहुणे येणार असं सांगायला आला, तेव्हा पुंडलिकरावांचा घास हातातच राहिला.

"आफ्रिकेतून? गवत पाह्याले?"

"व्हय काका. त्यायच्याकडंबी गावं अशीच कुरणं राखतात. आपलं पाह्याले येऊन राह्यले."

"गवतात काय पाह्याचं हाय? गवताखाली काय हाय ते पाह्याले येत असतीन."

"तुमी तं बाप्पा नवरदेवावरबी शक घ्यान."

"तुह्या लग्नात नाई घेतला, तेच चुकलं."

भाकरी थापता थापता त्यांच्या पत्नी विमलताई खळखळून हसल्या. पुंडलिकराव हसले नाहीत.

पाहुणे तिघं आले. दोन पुरुष आणि नीमा नावाची उंच, पन्नाशीची बाई, तिघंही शेतकरी. सोबत यवतमाळच्या संस्थेची प्रेरणा, बोलणं समजावून सांगायला. अमर शाळेत चहाच्या तयारीत होता. पाहुण्यांना वर नेण्याचं काम काकांवर आलं. फाट्यावर बरडीची वाट डावीकडे जाते. पुंडलिकराव उजवीकडे वळले आणि शिवेपलीकडच्या उघड्या माळावर जाऊन थांबले.

"हेच आमचं."

नीमा खाली बसली. दोन लेंड्या उचलून तिनं बोटांत चुरडल्या, काहीतरी बोलली आणि तिघंही हसू लागले. प्रेरणा ओशाळली.

"काका, त्या म्हणतात, इथे कालच शेळ्या चरल्यात. आणि म्हणतात, आमच्याकडे पहिल्यांदा पाहुणे आले, तेव्हा आम्हीही त्यांना शेजारच्या गावचंच रान दाखवलं होतं."

पुंडलिकरावांचे कान तापले. तिच्या बुटांवर सगळी इथलीच धूळ होती, त्यावरून काही कळेना. इतक्या लवकर ओळखणारी बाई त्यांना जास्तच धोक्याची वाटली.

"पोरी, इचार त्याईले. त्याईचं कुरण कोनं नेलं?"

नीमाचं हसू थांबलं. ती हळूहळू बोलली, प्रेरणा सांगत गेली. बाहेरच्या कुणी नेलं नाही. आम्ही सगळे रस्त्याकडे डोळे लावून बसलो होतो. पाण्याजवळचा तुकडा आमच्याच समितीच्या माणसानं कुंपणात घेतला. बियाण्यासाठी, म्हणाला. दुसऱ्या वर्षी कुंपण तसंच राहिलं. शेवटी बायांनी ते उपटलं.

पुंडलिकराव फाट्याकडे परतले आणि डावीकडच्या वाटेला लागले.

बरडीवर कापणी चालू होती. विमलताई आणि गावच्या बाया रांगेत वाकल्या होत्या. खाली नाल्याच्या कडेला, जिथे ओल सगळ्यांत जास्त, तिथे गवत दाट होतं आणि त्याभोवती रोवलेल्या चार लाकडी बल्ल्या, नवी तार. पुंडलिकराव तिथेच थबकले. ही तार त्यांना ठाऊक होती. पाहुण्यांना दाखवायला नमुना हवा, असं अमर म्हणाला होता, आणि तार ताणताना दुसरं टोक त्यांनी स्वतःच्या हातानं धरलं होतं. राखणदारानं.

अमर चहाची किटली घेऊन आला.

"हा तुकडा वाटणीत हाय ना?"

"यंदा नाई, काका. बियाण्यासाठी ठेवला."

प्रेरणानं हे पाहुण्यांना समजावून सांगितलं नाही. तरी नीमानं तारेवरून नजर काढून दुसरीकडे वळवली.

"कोणाच्या बियाण्यासाठी?"

"समितीच्या."

"समिती म्हंजे कोण?"

"गावच ना, काका."

"मंग गावाले तार कायले?"

अमरनं किटली दुसऱ्या हातात घेतली. त्याच्या चेहऱ्यावर राग होता की लाज, की नुसती उन्हाची तिरीप, ते पुंडलिकरावांना कळेना. पोरगं खरंही बोलत असेल. बियाणं लागतंच.

"अवो, इकडं या सगळ्याजणी! आधी हे कापा."

"काका, पाहुण्यायसमोर..."

"पाहुण्यायसमोरच."

त्यांनी पहिल्या बल्लीला हात घातला. ती खडकाच्या फटीत घट्ट बसली होती, हलेना. अमरनं किटली खाली ठेवली, पुढे आला आणि दुसऱ्या बाजूनं जोर लावला. बल्ली निघाली. तारेवरून पाय टाकून बाया आत शिरल्या. अमर न सांगता पुढच्या बल्लीकडे गेला.

हा इतक्या लवकर कसा तयार झाला, हे पुंडलिकरावांना खटकलंच. ते सुटलेली तार स्वतः गुंडाळत त्याच्या मागोमाग गेले, आणि यावेळी तारेचं एकही टोक त्याच्या हाती दिलं नाही.