फुलांसोबतचं कार्ड

फुलांच्या दुकानात सगळे तिला डिक्शनरीबाई म्हणत. नाव मालकानंच पाडलेलं. गुच्छ काय, कुणीही बांधेल हो. पण गुच्छात खोचायच्या कार्डावर काय लिहायचं, ते तिलाच विचारायचं. गिऱ्हाइकं फोनवर आपलं नाव आणि पत्ता सांगत आणि वर म्हणत, "इंग्रजीत काहीतरी छान लिहून टाका, मॅडम." जणू माया म्हणजे रिबीन, हवी तेवढी कापून घ्या!

पण ती लिहून टाकायची नाही, निवडायची. साहेबलोकांना 'रिगार्ड्स', म्हणजे दारातूनच रामराम. शेजाऱ्यापाजाऱ्यांना 'विशेस', म्हणजे या, बसा, चहा घ्या. 'लव्ह' मात्र पाठवणाऱ्याचा आवाज ऐकूनच. कुणाकडे माणूस गेलं असेल, तर 'सिंपथी' लिहावं की 'कंडोलन्सेस', या विचारात ती पेन धरून बसे आणि मालक ओरडे, "अहो बाई, फुलं सुकली!"

घरी मात्र एकाही शब्दाचं काम नव्हतं. एक खोली, एक ताट. कुलूप काढलं की "आलीस?" विचारणारं कुणी नाही. सुट्टीच्या दिवशी तर खोली खायला उठे. आईचं करता करता लग्न राहून गेलं. आई गेली तेव्हा धाकटी बहीण उशिरा पोचली आणि हिनं तिला चारचौघांत सुनावलं, "आता कशाला आलीस?" धाकटी आल्या पावली परत गेली. दोघी एकाच माळेचे मणी. तीन वर्षं झाली, ना हिनं फोन केला ना तिनं. आणि रक्ताचं म्हणावं असं दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

त्या सकाळी धाकटीच्या शेजारणीचा फोन आला. "तुमच्या बहिणीचं ऑपरेशन झालं. कालच घरी आणलंय. नवरा बोटीवर, घरात एकटीच असते. म्हटलं, तुमच्या कानावर घालावं."

जावं? पण कोणत्या तोंडानं? दारातच तिनं "आता कशाला आलीस?" म्हटलं तर? त्यापेक्षा फुलं पाठवू, असं बाईनं ठरवलं आणि कार्ड पुढ्यात घेतलं.

'रिगार्ड्स'? सख्ख्या बहिणीला? शोभतं का! 'लव्ह'? त्यांच्या घरात जीव लावत, पण तसं कुणी बोलून दाखवत नसे. 'सॉरी' लिहिलं आणि फाडलं. ते तर रस्त्यात धक्का लागला तरी म्हणतात. 'अपॉलॉजी' लिहिलं, तेही फाडलं. ते वीज गेल्यावर कंपनीवाले म्हणतात. शेवटी सवयीनं हात वळला तसं लिहिलं: 'विथ बेस्ट विशेस'. डिलिव्हरीवाला गाडी सुरू करून उभा होता. तिनं कार्ड गुच्छात खोचलं आणि तो गेला.

दुकान आवरायच्या वेळी फोन वाजला. आवाज धाकटीचा, पण पार थकलेला.

"फुलं मिळाली. कार्डावर पाठवणाऱ्याचं नावच नाही."

बाईनं आजवर एवढी कार्डं लिहिली, पण खाली घालायचं नाव दर वेळी फोनवरून कुणीतरी सांगायचं. आज सांगणारं कुणी नव्हतं, आणि लिहायचं राहूनच गेलं!

"कुणी पाठवली?" धाकटीनं विचारलं.

"मी."

"मी कोण?"

दुकानात ती मॅडम होती, बाई होती, डिक्शनरी होती. दुसऱ्या नावानं हाक मारणारं जगात एकच माणूस होतं.

"ताई," ती म्हणाली. "चुकलं गं माझं. त्या दिवशी तसं बोलायला नको होतं मी."



"अक्षर बघताक्षणी ओळखलं होतं मी," धाकटी म्हणाली. "बेस्ट विशेस काय गं? मी काय तुझ्या मालकाचं गिऱ्हाईक आहे?" मग तिला रडू फुटलं. "शेजारीण म्हणाली, ताईला कळवलंय. सकाळपासून दाराकडे बघत पडलेय. बेल वाजली, तर फुलं. तू का नाही आलीस?"