निळ्या लुगड्यातली मावशी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळही नाही — आणि बहिणीजवळ तर मी सासूच्या घोरण्यापासून सगळं बोलते. तुमच्याजवळ बोलते आहे, पण सरळ बोलता येईल असं वाटत नाही. हा विषय निघाला की मी कॅमेऱ्याबद्दलच बडबडत सुटते. कॅमेऱ्याबद्दल बोलणं सोपं आहे ना!

मी लग्नाचे फोटो काढते. माहेर नाचणगावचं, स्टुडिओ पुलगावात. या लाईनीत आले तेव्हा आमच्या भागात दुसरी बाई नव्हती. मांडवात कॅमेरा गळ्यात घालून उभी राहिले की व्हिडिओवाले, लाईटवाले एकमेकांकडे बघून हसायचे. एकजण तर मला ऐकू जाईल असं म्हणाला होता, "बाई काय फोटो काढंन बापा, ऑटोवर टाकते अन् बटन दाबते." ते शब्द माझ्या डोक्यात जे जाऊन बसले ते बसलेच.

ऑटो म्हणजे काय, ते सांगते. किती उजेड आत घ्यायचा हे ऑटोमध्ये कॅमेरा ठरवतो. मॅन्युअलमध्ये सगळं आपण ठरवायचं, आणि चुकलं तर चूकही आपलीच. हे शेवटचं वाक्य मी वर्ध्याला महिन्यातून एकदा बायकांना फोटोग्राफी शिकवते तिथं दर वेळी म्हणते. चूकही आपलीच! काय तोंड आहे माझं, बघा.

त्या वर्गात मी एक गोष्टही सांगते. एका म्हाताऱ्या फोटोग्राफरची. नजर गेली, तरी ऑटोवर टाकून लग्न काढायला गेला, आणि पोरीच्या पाठवणीचे फोटो जाळून बसला. सगळं पांढरंफट. बायका च्‌च्‌ करतात. मग मी म्हणते, म्हणून सांगते, मॅन्युअल शिका.

गेल्या महिन्यात देवळीहून येणाऱ्या एका अंगणवाडीताईंनी हात वर केला. शांत बाई, वहीत सगळं लिहून घेणारी. म्हणाल्या, "मॅडम, तुमीच तं सांगतलं का पांढरे कपडे असले का ऑटोनं फोटो काळा येते. मंग त्याईचे जळाले कसे?"

"प्रश्न शेवटी घेऊ," मी म्हणाले. जरा फटकारूनच म्हणाले. त्यांनी वही मिटली. शेवटी मी प्रश्न घेतलेच नाहीत, बसची वेळ झाली म्हणून निघून आले. बस होती पाऊण तासानं.

तो म्हातारा म्हणजे दादारावकाका. मला कॅमेरा धरायला ज्यांनी शिकवलं ते. पुलगावात त्यांचं दुकान होतं, आणि हसणाऱ्यांच्या त्या गर्दीत ते एकटे हसले नव्हते. उलट म्हणाले होते, "दुकानात येत जाय. पाहून पाहून शिकशीन." चार वर्षं गेले मी. एक कप चहासुद्धा त्यांनी मला माझ्या पैशानं पिऊ दिला नाही.

आमच्या बौद्धांच्या लग्नात नवरा-नवरी दोघं पांढऱ्यात. वऱ्हाडातलेही निम्मे लोक पांढऱ्यात. इतकं पांढरं समोर आलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार आहे, तो उजेड कमी करतो, आणि चेहरे काळवंडतात. आपली आधीच सावळी माणसं — पार कोळसा होतात! बाहेरून आलेले फोटोग्राफर इथं हमखास तोंडावर पडायचे. काका म्हणायचे, "कपडा नको पाहू. तोंड पाह्य. तोंड नाई समजलं तं आपल्या हाताले पाह्य." आणि ते स्वतःचा तळवा उन्हात धरून, त्यावर उजेड कसा पडतो ते बघून आकडे लावायचे. मीही तसंच शिकले.

मग शुगरनं त्यांच्या डोळ्यांवर घाला घातला. कॅमेऱ्यातले बारीक आकडे दिसेनात. त्यांनी गाजावाजा न करता खटका ऑटोवर नेऊन ठेवला. पण पांढऱ्याला ते फसले नाहीत. त्यांनी एक युक्ती काढली. वऱ्हाडात कुणीतरी निळ्या लुगड्यातली मावशी असतेच, आमच्याकडे निळ्याला काय तोटा! तिला नवरा-नवरीच्या शेजारी उभं करायचे. कॅमेरा तिच्याकडे धरून बटण अर्धं दाबायचे. अर्धं दाबून धरलं की कॅमेरा तेवढा उजेड पक्का धरून ठेवतो. मग "मावशी, सरक व माय" म्हणत तसंच दाबून धरलेलं बटण घेऊन जोडीकडे वळायचे आणि पूर्ण दाबायचे. चेहरे कसे लख्ख यायचे. लोक चेष्टा करायचे, काका नवरीपेक्षा मावशीचेच फोटो जास्त काढतात म्हणून. काकाही हसायचे.

आणि मला, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मला, त्याची लाज वाटायची. हो. तिथूनच सुरुवात आहे. मी मांडवात त्यांच्यापासून दूर उभी राहायचे, कुणाला वाटू नये की मीही ऑटोवालीच.

समुद्रपूरच्या एका निवृत्त गुरुजींच्या लेकीचं लग्न होतं. काम काकांचं, मी सोबतीला. खरं म्हणजे तोवर सगळं मीच करायचे, काका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचे, मधूनच उठून चार-दोन काढायचे. मंगल परिणय समाजभवनात लागला. एप्रिलचं ऊन, म्हणून खिडक्यांना पडदे ओढलेले. आत अंधारच. मी कॅमेरा होता तेवढा उघडला, मिळेल तो उजेड ओढून घेतला. त्रिशरण, पंचशील, हार घालणं, सगळं उत्तम आलं. मग सगळे अंगणात आले. घरच्यांचे फोटो, नवरीच्या मामाकडचे, मग पाठवणी. भर दुपारी. उन्हानं जमीन पांढरी दिसत होती.

आणि मी एकही आकडा बदलला नाही.

कसा बदलला नाही? मलाही आजतागायत कळलेलं नाही. अर्धा तास मी त्या उन्हात आतल्या अंधाराचे आकडे घेऊन फोटो काढत होते. स्क्रीनवर एकदा बघितलं असतं तर दिसलं असतं. पण मी स्क्रीन बघत नसे — तीही एक शानच होती माझी. खऱ्या फोटोग्राफरला बघावं लागत नाही म्हणे! काका लिंबाच्या सावलीतून हाक मारत होते, "पोरी, ऊन पाहून घेजो वं." मी वळूनसुद्धा बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात कार्ड कॉम्प्युटरला लावलं. अंगणातला एकेक फोटो उघडत गेले. पांढरं. पांढरं. नवरीची साडी, तिचा चेहरा, मागची भिंत, सगळं एकच. गुरुजींच्या जागी पांढरा डाग आणि त्यावर तेवढा चष्मा. मग काकांचं कार्ड लावलं. मोजकेच फोटो, पण सगळे नीट. आणि त्यात तो एक — गुरुजी स्वतःच्या रुमालानं लेकीच्या कपाळावरचा घाम पुसताहेत, ती डोळे मिटून लहान पोरीसारखी उभी आहे. दोघंही पांढऱ्यात. एकही रंग जळलेला नाही, एकही चेहरा काळा नाही.

तेवढ्यात गुरुजींचा फोन आला. पुलगावात आलो आहोत, फोटो बघायला येतो. काका डोळे दाखवायला गेले होते.

इथं मला म्हणावंसं वाटतं की त्या क्षणी तोंडातून निघून गेलं, मी काही ठरवलं नव्हतं. बहिणीला सांगितलं असतं तर असंच सांगितलं असतं. पण ते खोटं आहे. गुरुजी बसस्टँडवरून चालत येईपर्यंत माझ्याजवळ दहा मिनिटं होती, आणि त्या दहा मिनिटांत मी कॉम्प्युटरमधल्या दोन फोल्डरांची नावं बदलली. 'काका' होतं तिथं 'सुजाता' केलं. 'सुजाता' होतं तिथं 'काका'. मग पंखा मोठा केला आणि त्यांच्यासाठी दोन खुर्च्या पुसून ठेवल्या.

गुरुजी आणि त्यांची बायको शेजारी शेजारी बसले. मी दाखवत गेले. पांढरे फोटो आले तसा गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. गुरुजींच्या बायकोनं हळूच विचारलं, "माया भावाचा एकबी नाई का वं?" तेव्हा मी म्हणाले, "हे काकाईनं काढले. त्याईले आता दिसत नाई. ऑटोवर काढते ते." आणि मग तो रुमालाचा फोटो उघडून म्हणाले, "हा माया आहे."

गुरुजी त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. "चांगला हात आहे तुमचा, ताई," म्हणाले. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला असेल.

काका संध्याकाळी आले. त्यांना कॉम्प्युटरवरचं दिसत नव्हतं, पण ऐकू तर येत होतं. पांढरे जळाले म्हटलं असतं तर त्यांनी लगेच ओळखलं असतं — ऑटो पांढऱ्याला जाळत नाही, काळं करतं. म्हणून त्यांना मी सांगितलं, काका, तुमचे अंगणातले सगळे काळे आले. बघा, खोटंसुद्धा मी त्यांच्याच शिकवणुकीनं बोलले. ते खुर्चीत बसले. म्हणाले, "पण म्या तं मावशीवर दाबून घेतलं होतं." मी म्हणाले, "मावशी हलली असंन, काका."

मग त्यांनी गुरुजींना फोन लावायला सांगितला. फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला, कारण दोन्ही हात जोडायचे होते. समोरच्याला हात दिसत नाहीत, तरी जोडले. "गुरुजी, चुकी झाली. लेकीचा दिवस खराब केला म्या." मी दाराशी उभी राहून कान देऊन ऐकत होते. गुरुजी 'पांढरे' म्हणाले तर? पण ते भले माणूस, जाऊ द्या म्हणाले आणि फोन ठेवला. मला हायसं वाटलं. हायसं! चार वर्षं ज्यांच्या दुकानात बसून शिकले तो माणूस हात जोडून माफी मागत होता, आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

आठवडाभरात त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "तू घे. लोकाईचा दिवस पुन्हा येत नाई. आता माया हातून नको." मी घेतला. नको म्हणाले नाही. लाईनीत बातमी पसरायला मला वेगळं काही करावं लागलं नाही. मला हसणारे तेच लोक आता म्हणू लागले, काका संपले, पण पोरगी तयार झाली, मॅन्युअलशिवाय हात लावत नाही. रुमालाचा फोटो मी मोठा करून दुकानात लावला. तो बघून लोक काम देतात. आजही देतात. त्या फाईलवर उजवं बटण दाबलं की आत अजून लिहिलेलं दिसतं — कॅमेरा कोणता, आणि मोड ऑटो. कुणी बघत नाही.

काका आता कारंजा घाडग्याला लेकीकडे असतात. हायवेला लागून घर, दिवसभर ट्रकचा आवाज. डोळ्यांना फक्त ऊन आणि सावली कळते. मी वर्षातून एकदा जाते. दर वेळी चहा आला की ते विचारतात, "पोरी, त्या दिवशी मायं काय चुकलं वं?" मी सांगते, ऑटो फसलं. ते म्हणतात, पण म्या तं मावशीवर दाबून घेतलं होतं. मी म्हणते, मावशी हलली असंन. ते ऐकून घेतात, पण पटलेलं नसतं. इतकी वर्षं पटलं नव्हतं. त्यांना आठवत होतं ना!

त्या अंगणवाडीताईंच्या प्रश्नानंतर मला आठ दिवस धड जेवण गेलं नाही. सांगून टाकायचं ठरवलं. मागच्या रविवारी एसटीनं कारंजाला गेले ती सांगायलाच. गाडीत शब्दसुद्धा जुळवले होते. काका ओट्यावर बसले होते. माझ्या पावलांवरून ओळखलं, लेकीला चहा टाकायला सांगितला. "काऊन इतकी चूप आहे वं आज?" म्हणाले. मी म्हणाले, काका, त्या समुद्रपूरच्या लग्नाचं...

त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. हात वर केला. तळवा ओट्यावरच्या उन्हात धरला, पूर्वी धरायचे तसा, आणि म्हणाले, "म्या लय विचार केला त्याच्यावर. तुयंच बरोबर आहे. मावशीच हलली असंन. नाई का?"

त्यांच्या लेकीनं चहा आणून ठेवला.

"हो काका," मी म्हणाले.

मावशी हलली नव्हती. तो फोटोही माझ्याकडे आहे, रुमालाच्या फोटोच्या अगदी आधीचा. निळं लुगडं, हात जोडलेले, उन्हानं डोळे बारीक केलेले. काका सरक म्हणेपर्यंत ती जागची हलली नाही.