कोरडी आत्या आणि दगड झालेली साखर

माझी आत्या औषधांच्या कारखान्यात एकतीस वर्षं होती, गोळ्या बाटल्यांत भरायच्या खात्यात. तिथं दमट हवेवर डूख धरायलाच तिला शिकवलं होतं. त्यामुळे घरीही तिचा शत्रू एकच. मिठाला ओल सुटली, टाक तांदळाचे दाणे. पिठीसाखरेचे खडे झाले, ठेव कोमट ओव्हनमध्ये. शिवाय प्रत्येक डब्यात औषधाच्या बाटलीतून निघणारी ती ‘खाऊ नये’ असं छापलेली इवलीशी पुडी. आम्ही भाचरं तिला कोरडी आत्या म्हणायचो, अगदी तिच्या तोंडावर.

तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, नेमके उलटे. त्यांचा जन्म कपबशा आणि कुंड्या घडवण्यात गेला. माती कडक झाली की तिला ओल्या फडक्यात गुंडाळायचं, एवढं एकच औषध त्यांना ठाऊक. निवृत्त झाल्यावर ते स्वयंपाकघरात लुडबुड करायला लागले, तेव्हा आत्यानं चार दिवसांत त्यांना हाकललं. “तुमची चिखलातली अक्कल माझ्या डब्यांत नको,” म्हणाली. ते मुकाट बाहेरच्या खोलीत गेले. गेले, असं आम्हाला वाटलं.

मी त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहते. एका सकाळी आत्यानं मला खाली बोलावलं आणि तपकिरी साखरेची बरणी हातात दिली.

“हलवून बघ.”

हलवली. साखर सळसळली.

“काल दगड होता हा. सुरीचं टोक वाकलं माझं. आज बघते तर मऊ.”

“तुझ्या पुडीनं केलं असेल काम.”

“पुडीनं? पुडी आठवडाभर आतच आहे, आणि साखर रोज जास्तच कडक होत होती. बरं, मग मिठाचं काय?” तिनं मिठाचा डबा उघडला. काल सुटं असलेलं मीठ आज ओला गोळा होऊन बसलं होतं.

मला काहीच समजेना. पण समजत नाही असं कबूल करायची माझी रीत नाही, म्हणून मी हवामानाबद्दल काहीतरी ठोकून दिलं. दोन दिवसांनी साखर पुन्हा दगड झाली आणि मीठ सुटं. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत उलटं. आत्यानं कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला आणि रोज नोंद करायला लागली. त्या कागदामुळे तर आम्ही दोघी आणखीच गोंधळलो. कारण एके ठिकाणी तिच्याच अक्षरात ‘साखर कडक’ लिहिलेलं होतं आणि ते कधी लिहिलं, हे तिला आठवत नव्हतं.

“थोरलीचं असंच सुरू झालं होतं,” ती एकदम म्हणाली. थोरली म्हणजे तिची मोठी बहीण. ती आता स्वतःच्या मुलांनाही ओळखत नाही. “आधी डबे. मग गॅस. मग माणसं. मला फार भीती वाटते गं.”

आत्या घाबरलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. मी डॉक्टरांची वेळ घेतली, आणि आतोबांना यातलं काही कळवायचं नाही असं आम्ही ठरवलं.

वेळ सोमवारची होती. शनिवारी सकाळी मी तराजू मागायला खाली गेले. आत्या आंघोळीला गेली होती आणि आतोबा मनगटापर्यंत हात घालून साखरेच्या बरणीतून काहीतरी उपसत होते. कुंडीचं खापर! पाण्यात भिजवलेलं.

“हिला सांगू नकोस,” ते कुजबुजले.

आत्या दुपारी बाजारात गेली की ते पुडी काढून खापर ठेवायचे, आणि दुसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली की पुन्हा अदलाबदल करायचे. मिठाचीही तीच सेवा.

“अहो, पण चोरून कशाला?”

“तिला वाटतंय, पुडीनं झालं. त्या दिवशी तुला बोलावून दाखवत होती ना? किती खूष होती.”

मी कपाळावर हात मारला आणि त्यांना खापरासकट आत्यासमोर उभं केलं. ती आधी भडकली, मग पोट धरधरून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. आतोबांना काहीच उमगेना. तेव्हा तिनं त्यांना भीतीचं सगळं सांगितलं. त्यांनी खापर खाली ठेवलं आणि तिचे डोळे पुसले. शेवटी वाटणी झाली. तपकिरी साखर वाळून कडक होते, म्हणून ती आतोबांच्या खापराकडे. मीठ ओल लागून कडक होतं, म्हणून ते आत्याकडे. तिनं कागद फाडला, मी डॉक्टरांची वेळ रद्द केली. आमचा जीव भांड्यात पडला.

महिन्याभरानं आतोबा दोन दिवसांसाठी त्यांच्या भावाकडे गेले, सकाळी सातच्या गाडीनं. दुपारी साडेचारला मी खाली आले, तर आत्या ओट्यापाशी उभी. समोर पातेल्यातल्या पाण्यात मधाची बाटली. कित्येक दिवस थिजून पांढरा पडलेला मध पातळ, सोनेरी झाला होता.

“हे तू केलंस?” तिनं विचारलं.

“मी आत्ता येतेय, आत्या.”

तिनं लगेच फोन लावला. “अहो, तो मध...” एवढंच ती बोलली. पलीकडून आतोबांचा मोठा आवाज मलाही ऐकू आला. “हो हो, मीच! निघताना ठेवली होती बाटली पाण्यात. तुला सांगायचं राहिलं बघ.”

“बरं. वेळेवर जेवा,” म्हणत तिनं फोन ठेवला.

“बघ, उगीच घाबरलीस,” मी म्हटलं.

तिनं माझा हात धरला आणि पातेल्यात बुडवला. पाणी चांगलं गरम होतं.

मी घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे. सकाळी सातच्या आधी ठेवलेलं पाणी एव्हाना कधीच गार व्हायला हवं होतं. आत्यानं बाटली बाहेर काढली, पदरानं पुसली.

“माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत ‘मीच’ म्हणाले,” ती म्हणाली. “किती दिवसांपासून तयारीत असतील गं?”