दोन्ही अर्जांवर सही

ओबेड विनकटचं बूड कधी कुठे टेकलं नाही. जेवायला बसला तरी एक पाय बाकाच्या बाहेर, जणू कुणी हाक मारली तर उठायला वेळ लागू नये. त्याची आई म्हणायची, हा पोटात होता तेव्हाही यानं मला बसू दिलं नाही. कनेक्टिकटात त्याला पिंपं करणाऱ्या सुताराकडे शिकायला ठेवलं, तर गडी अकराव्या महिन्यात पसार. एक हिवाळा मास्तरकी केली. मुलं पाढे म्हणायची आणि मास्तर खिडकीशी उभा राहून रस्त्याकडे बघायचा. सबमिट हेल नावाच्या चांगल्या घरच्या मुलीशी लग्न ठरलं होतं, ते तिनंच मोडलं. मला नवरा हवाय, वारा नको, असं ती म्हणाली म्हणतात. खरं असावं, कारण ही गोष्ट ओबेड स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगायचा.

अशा माणसाच्या नशिबी टपालाची घोडेस्वारी आली, म्हणजे देवानं बरोबर जागी बरोबर माणूस बसवला असं कुणालाही वाटेल. पण ती आपोआप आली नव्हती. ती त्यानं खटपट करून आणली होती, आणि त्यासाठी जो शब्द दिला होता त्याचीच ही गोष्ट आहे.

त्याची थोरली बहीण मेहिटेबल आणि तिचा नवरा डॅन टटल पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेला, आमच्या या खोऱ्यात आले तेव्हा ओबेडही त्यांच्या गाडीमागून आला. दुसऱ्याच हिवाळ्यात जमीन मोकळी करताना एक ओक भलत्या बाजूला पडला. डॅन जागीच गेला. त्याला वाचवायला धावलेल्या मेहिटेबलचं कमरेचं हाड मोडलं, ते नीट जुळलंच नाही. वसंतात सोबत आलेला तिचा दीर तिला घेऊन कनेक्टिकटला परत निघाला. तिची पेटी त्याच्या गाडीत दोरीनं बांधूनसुद्धा झाली होती. तेव्हा ओबेड गाडीला आडवा उभा राहिला.

"जाऊ नकोस मेहिटी," तो म्हणाला. "मी या खोऱ्यात टपाल आणतो. दर आठवड्याला तुझ्या दारावरून जाईन. तू एकटी पडणार नाहीस, हा माझा शब्द."

मेहिटेबलनं दिराला सांगितलं, पेटी उतरव.

मग ओबेडनं अर्ज लिहिला आणि झोपडीझोपडी पालथी घातली. एकेचाळीस नावं झाली, त्यातली तेरा नुसत्या फुल्या. अर्ज राजधानीला गेला, काँग्रेसनं, म्हणजे देशाच्या कायदेमंडळानं, त्या वर्षी टपालवाटांचा कायदा केला आणि त्यात एक ओळ आली : हार्लन फेरीपासून टटलच्या घरावरून लॉरेल फोर्क्सपर्यंत. टटलचं घर कायद्यात! ज्या बाईच्या घराला धड खिडकीची काच नव्हती तिचं घर देशाच्या कायद्यात लिहिलं गेलं. मेहिटेबलनं वर्तमानपत्रातली ती ओळ कापून चुलीवरच्या तुळईला चिकटवली. घराच्या पुढच्या खोलीत टपालघर आलं, टपालथैलीच्या कुलपाची किल्ली तिच्या कमरेला आली, आणि टपालाच्या ठेकेदारानं स्वारीवर ओबेडला ठेवलं.

नऊ वर्षं तो गुरुवारी दुपारी यायचा. वळणावर शिंग फुंकलं की सगळं खोरं टटलच्या घराकडे लोटायचं. मेहिटेबल कुलूप उघडायची, नावं पुकारायची. ज्याचं पत्र त्यानं पैसे मोजायचे ही रीत, त्यामुळे कुणी पाकीट उलटसुलट करून, हे काकाचं अक्षर, काका मेला नसणार, असं म्हणून परतही द्यायचा. मग ती वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची. युरोपातल्या लढाया आमच्याकडे दोन महिन्यांनी लढल्या जायच्या, पण त्वेष तोच. लंगडत्या कमरेनं चर्चपर्यंतही न जाणाऱ्या त्या बाईकडे सगळं खोरं स्वतःहून यायचं. गुरुवारी तिच्या गालांवर रंग असायचा. बाकीचे सहा दिवस ती गुरुवारची वाट बघत घालवायची, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं.

पंचाईत एकच होती. वेळापत्रकाप्रमाणे ओबेडला शुक्रवारी पहाटे सहापर्यंत तिथेच थांबावं लागे. लोक गेले की बहीण आठवडाभर साठवलेलं बोलायला बसायची, आणि दोन वाक्यं झाली की हा उठायचा. घोड्याचा नाल बघून येतो. सरपण फोडून ठेवतो. त्या घरात इतकं सरपण फोडलेलं असायचं की मेहिटेबल म्हणायची, माझ्या अंत्यविधीनंतरही वर्षभर पुरेल. तिच्यावर त्याचा जीव नव्हता असं नाही. होता. पण नदी ओलांडायचे तेच सात उतार, तीच वळणं, तीच खोली. सहा-सात वर्षांनंतर त्याला त्या खोऱ्यात श्वास पुरेनासा झाला होता.

इकडे डोंगरमाथ्यावर एझ्रा लॅथ्रपनं पिठाची गिरणी घातली. तिच्याभोवती वीस-बावीस घरं झाली, एक लोहारही आला. लॅथ्रपला आता टपाल हवं होतं. त्यानं नवा अर्ज लिहिला : टपाल खोऱ्यातून काढून माथ्यावरून न्यावं. आणि सफरचंदाच्या दारूचं पिंप गाडीवर घालून तो सह्या गोळा करत घरोघर निघाला, चक्क खोऱ्यातसुद्धा.

आता आमच्या लोकांची एक खोड सांगितली पाहिजे. शेजारी दारात कागद घेऊन आला आणि सही नाही केली, तर तो त्याचा अपमान. कागदात काय लिहिलंय हा नंतरचा प्रश्न. पूल हवा म्हणून सही करतील आणि दुसऱ्या आठवड्यात पूल नको म्हणूनही करतील. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. खोऱ्यातल्या तीसेक कुटुंबांनी लॅथ्रपची दारू घेतली, हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि सही करून टाकली. मग मेहिटेबलनं उलट अर्ज लिहिला, टपाल आहे तिथेच राहू द्यावं, आणि तो ओबेडनं फिरवला. तेव्हा त्याच लोकांनी त्यावरही सही केली, आणि लॅथ्रपच्या कागदाविषयी कुणी तोंडातून ब्र काढला नाही. मेहिटेबलनं फिलँडर को नावाच्या शेजाऱ्याला सरळ विचारलं तेव्हा तर त्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं, मी त्या गिरणीवाल्याला दारातूनच हाकललं. हाकलताना तीन पेले प्याला होता, ते राहिलं सांगायचं.

मेहिटेबलच्या अर्जावर पहिली सही ओबेडची होती.

दुसरी सही त्यानं ऑक्टोबरात केली. त्या आठवड्यात पुरानं चौथ्या उतारावर त्याची घोडी वाहून गेली होती आणि तो स्वतः एका मुळाला धरून वाचला होता. उसना घोडा घेऊन तो माथ्यावर गेला तेव्हा लॅथ्रप त्याला थेट नव्या वाटेवरून चालवत घेऊन गेला. वाट कोरडी होती. एकही उतार नाही, आठ मैल कमी. शेवटच्या चढावर झाडी संपली आणि पश्चिमेला डोंगरामागे डोंगर, ओहायोपर्यंत पसरलेले दिसले. ओबेड तिथे टोपी काढून उभा राहिला. त्याची छाती धडधडायला लागली, तरुणपणी सुताराच्या दुकानातून पळताना धडधडली होती तशी.

लॅथ्रपनं कागद आणि दौत पुढे केली. ओबेडनं नाव लिहिलं. आणि नुसतं नाव लिहून थांबला असता तर बरं झालं असतं. पण लॅथ्रप म्हणाला, तुला दोन्ही वाटा माहीत आहेत, तेवढं लिही की. ते खरंच होतं. म्हणून त्यानं खाली दोन ओळी लिहिल्या.

परतताना त्यानं मनाची समजूत घातली. दोन्हीकडे सही आहे, म्हणजे एक गेली आणि एक आली, फिटंफाट. दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्या माणसाला हा हिशेब नेहमीच बरोबर वाटतो. दोन्ही अर्ज एकाच थैलीतून निघाले, आणि त्या कुलूपबंद थैलीवर मांड टाकून हार्लन फेरीपर्यंत ते नेले ओबेडनंच.

तो हिवाळा त्याला फार वाईट गेला. दर गुरुवारी येताना तो ठरवायचा, आज सांगायचं. मेहिटेबल घेवडा शिजवताना बोटांवर घरं मोजायची. को आपल्याकडे, बर्डिक आपल्याकडे, आणि सगळ्यांत वर तुझं नाव, ओबी. स्वाराचंच नाव असल्यावर राजधानीतले लोक दुसरं काय बघणार? चोराच्या मनात चांदणं. ओबेड कुऱ्हाड घेऊन बाहेर जायचा आणि ओली लाकडंसुद्धा फोडायचा. थैली हलकी असली तरी घोड्यावर चढवताना हात भरून यायचा. थैली नदीत पडली असती तर, असंही त्याच्या मनात येऊन गेलं होतं. पण तो टपालस्वार होता, ते त्याच्याकडून झालं नसतं.

एप्रिलच्या दुसऱ्या गुरुवारी आमच्या भागाच्या काँग्रेसमधल्या प्रतिनिधीचं पत्र आलं. वर त्यांची सही असल्यानं त्याला पैसे पडत नव्हते. पत्त्यात लिहिलं होतं : श्रीमती टटल आणि खोऱ्यातले रहिवासी. रहिवाशांचं पत्र म्हणजे ते सगळ्यांसमोर वाचायचं, ही रीत. खोली भरली होती. ओबेड दाराशी होता. त्यानं कडीवर हात ठेवला.

मेहिटेबल वाचू लागली. दोन्ही अर्ज मिळाले. टपालवाटांच्या समितीला असं दिसून आलं की दोन्हींवर बरीचशी नावं तीच आहेत, अक्षरही तेच. हे ऐकताच खोलीत चुळबुळ झाली. प्रत्येकानं शेजाऱ्याकडे बघितलं, शेजाऱ्यानं छताकडे. कोच्या बायकोनं नवऱ्याला कोपर मारलं आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. मेहिटेबलही हसली, मान हलवत म्हणाली, काय लबाड लोक आहात, आणि पुढे वाचू लागली.

अशा परिस्थितीत दोन्ही अर्ज बाजूला ठेवून जुनीच वाट चालू ठेवण्याचा समितीचा विचार होता. परंतु नव्या वाटेच्या अर्जावर एक विश्वसनीय साक्ष आढळली. ती अशी, की माथ्यावरची वाट आठ मैल कमी आहे, तिच्यावर पाण्याचा एकही उतार नाही, आणि दोन्ही वाटा चांगल्या ठाऊक असलेला स्वार तिचीच शिफारस करतो. या साक्षीवर विसंबून पहिल्या जुलैपासून टटलच्या घरावरची टपालवाट बंद करण्यात येत आहे.

"साक्ष देणारे," तिनं वाचलं, "श्री. ओबेड विनकट."

ती अडखळली नाही. खालची तारीख वाचली, सहीसुद्धा वाचली. कागदाची घडी केली, जशी होती तशीच.

लोकांनी टोप्या उचलल्या. वर्तमानपत्र वाच असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही. को जाताना काहीतरी पुटपुटला, पण पुरतं कुणालाच ऐकू आलं नाही. दोघंच उरली तेव्हा बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

"घोडी पाण्यात गेली, मेहिटी," ओबेड म्हणाला. "मीही गेलो असतो."

"तू बुडता बुडता वाचलास, ते मला सांगितलं असतंस तर अर्ज मीच लिहून दिला असता," ती म्हणाली. "पाण्यात बुडावं म्हणून का मी तुला बोलावत होते? हे नको सांगूस. मला एवढंच सांग. त्या दिवशी गाडीला आडवा उभा राहिलास, तेव्हा तुला बहीण हवी होती, का वाट हवी होती?"

ओबेडच्या तोंडाशी खोटं आलं होतं. दुसऱ्या कुठल्याही गुरुवारी त्यानं ते सांगितलं असतं.

"वाट," तो म्हणाला. "तू गेली असतीस तर इकडे टपाल कशाला आणलं असतं कुणी?"

मेहिटेबल मांडीवरच्या कागदाकडे बघत राहिली. तिला रडू आलं असावं, पण ते तिनं दाखवलं नाही. ओबेड तिच्याकडे बघत होता. नऊ वर्षांत त्यानं तिला कधी नीट पाहिलं नव्हतं, हे त्याला तेव्हा कळलं. तिचे केस पांढरे झाले होते, आणि ते कधी झाले हे त्याला माहीत नव्हतं.

त्याचा हात आपोआप टोपीकडे गेला. "घोड्याचा नाल—"

"नाल ठीक आहे," ती म्हणाली. "बस."

तिनं भिंतीला धरत उठून घेवड्याचं ताट आणि मक्याची भाकरी त्याच्यापुढे ठेवली आणि समोरच्या बाकावर बसली. दर गुरुवारी आठवडाभराचं बोलणारी बाई त्या दिवशी एक शब्द बोलली नाही. ओबेड दोन्ही पाय बाकाच्या आत घेऊन बसला. ऐकायला तो आता तयार होता, पण ती बोलत नव्हती. आणि थैली घेऊन निघायची वेळ शुक्रवारी पहाटे सहाची होती.