नानांच्या अकॉर्डियनची प्लेट

मंडळी, आज सकाळपासून कशात मन लागत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

सत्तरच्या दशकात मी जळगावला एका वर्कशॉपमध्ये धातू कापायच्या मिलिंग मशीनवर होतो. सगळं काम हाताने हँडल फिरवून. ऐन लग्नसराईत दोंडाईच्याच्या बँडमधले नाना अकॉर्डियन घेऊन आले. आतली ॲल्युमिनियमची प्लेट तडकली होती. तशीच नवी हवी होती, अगदी बारीक खाचांची. खाच जरा रुंद झाली की हवा निसटते आणि सूर बोलत नाही.

"भाऊ, परवा लगीन शे. कसंबी करा," नाना म्हणाले.

ॲल्युमिनियम कटरला चिकटायचं आणि कटर मोडायचा. रॉकेल सोडत सोडत संध्याकाळी प्लेट झाली. त्यात रीड, म्हणजे सूर काढणाऱ्या पातळ पात्या, बसवायचं काम घरी होतं, म्हणून नाना घाईने निघाले.

"वरातमा या भाऊ, आयकाले!"

"पुढच्या सीझनला नक्की," मी म्हणालो. पुढे दरवर्षी त्यांचा निरोप यायचा आणि मी तेच म्हणायचो.

आज सकाळी त्यांची मुलगी धुळ्याहून अकॉर्डियन घेऊन आली. "काका, नाना मागच्या महिन्यात गेले. तुम्हाला ऐकवायचं राहिलं, म्हणायचे. मला काही वाजवता येत नाही."

तिने भाता ओढत एकेक पट्टी दाबली. सगळे सूर स्वच्छ बोलले. गाणं मात्र वाजवणारं कुणी नव्हतं.

त्या वरातींच्या दिवशी मला एवढं काय काम होतं, ते दिवसभर आठवतोय. एकही आठवत नाही.

तुमचंही कुणाचं बोलावणं असं राहून गेलंय का?