दुसरा वैद्य

लिफ्टवाल्याला घरीदारी सगळे ‘वैद्यबुवा’ म्हणत, पण औषधांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. दर रविवारी दुपारी त्याच्या जेवणाच्या टेबलावर चौघांचा खेळ रंगायचा. शिंपी एक गोष्ट सांगत जायचा. बाकीचे तिघे त्या गोष्टीतली माणसं व्हायचे, काय करायचं ते ठरवायचे आणि फासे टाकायचे. मेहुणा योद्धा, पोस्टमन कुलपं उघडणारा चोर आणि हा जखमा बऱ्या करणारा वैद्य.

मंडळाचा नियम कडक होता: एकाची विद्या दुसऱ्याने शिकायची नाही. त्यामुळे प्रत्येकाला भाव होता. पोस्टमनचा पाय मुरगळून तो घरी बसला तेव्हा खेळातली सगळी फौज महिनाभर एका बंद दारासमोर बसून राहिली. दार लाकडी होतं आणि योद्ध्याच्या हातात कुऱ्हाड होती. पण नियम म्हणजे नियम.

हा नियम लिफ्टवाल्याचाच. कामावरही त्याचा तोच खाक्या. तिथल्या जुन्या इमारतीची लिफ्ट त्याच्याशिवाय कुणाचं ऐकत नसे, आणि तिच्या खोडी दुसऱ्या पाळीच्या जोडीदाराला शिकवायचं त्याने आजवर शिताफीने टाळलं होतं. त्यामुळे रजा म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं. अंगात सणसणून ताप असताना तो लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत उकिडवा बसून तारा जोडून आला होता. याचा त्याला कोण अभिमान! खरं तर हा निव्वळ मूर्खपणा होता, पण सांगणार कोण?

एका रविवारी बायकोने चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून तिथेच बसली.

“मलाही घ्या. मी वैद्य होणार.”

“एक आहे की,” तो म्हणाला.

“तो पडला तर त्याला कोण उठवणार?”

“मी पडत नाही.”

हे खरं होतं. त्याचा वैद्य कायम सगळ्यांच्या मागे, भिंतीला चिकटून उभा असे. शिंप्याने मतं मागितली. मेहुण्याने बहिणीसाठी हात वर केला, पोस्टमनने त्या दाराची आठवण ठेवून. लिफ्टवाल्याचं तोंड एवढंसं झालं. आता आपल्याला कोण विचारणार, अशी त्याला भीती वाटली.

खेळ पुलावर पोचला. राक्षसाने योद्ध्याला घायाळ केलं आणि बायको त्याला मलमपट्टी करून मोकळीही झाली. लिफ्टवाल्याला कामच उरलं नाही. रिकामं बसायची त्याला सवय नव्हती.

“मी पुढे जातो,” तो घुश्शात म्हणाला. “काठी घेऊन.”

फासे पडले. काठी राक्षसाच्या गुडघ्याला लागली. राक्षसाची गदा वैद्याच्या टाळक्यात बसली.

पडलेल्याने बोलायचं नाही, असाही एक नियम होता. तोही याचाच. तो ओठ मिटून, डोळे मिटून, हात मांडीवर टाकून बसला. बायकोने फासे हातात घोळवून टाकले.

“बरे झालात,” शिंपी म्हणाला. “उठा.”

वैद्यबुवा उठेनात. मेहुण्याने खाकरून पाहिलं. पोस्टमनने बिस्किटाचा पुडा उगीचच वाजवला. किती वर्षांनी आपल्याकडून कुणाला काही नको होतं, हे लिफ्टवाल्याला आठवेना. त्याला एकदम रडू यायला लागलं.

“अजून जरा पडून राहिलो तर चालेल?” त्याने डोळे न उघडता विचारलं.

राक्षस अजून पुलावरच होता. मेहुण्याने निमूटपणे फासे उचलले.

“पडा,” बायको म्हणाली. “मी आहे.”